वीस मिनिटांचा नियम

बेंडिगोच्या बंद पडलेल्या शाळेत
त्यांनी ते प्रसूतिगृह पुन्हा उभं केलंय.
भिंती पिस्ता रंगाच्या. मी म्हटलं, असा नव्हता,
ओकारी पुसून घेतल्यावर कापड दिसतं ना, तसा.
दिग्दर्शिका पोरगी गुणी आहे. लिहून घेते.
दुपारी रंगारी येतो.

मला कापडी खुर्ची, पाठीवर नाव: व्हर्ना टकवेल.
तिथे मला एडना म्हणायचे.
खऱ्या नावाचा गावात बोभाटा नको, म्हणून.

पडद्यावर आधी अक्षरं येतील: सत्य घटनेवर आधारित.
आधारित म्हणजे
माझा भाऊ गाळला, आई जरा मऊ केली,
लॉन्ड्रीतल्या अकराजणींच्या तीन केल्या. बजेट.
आणि शेवटी विमानतळावर भेट.
माझी फाइल कुठल्याशा पुरात गेली, असं मला कळवलं होतं.
पण लोक तिकीट काढून येणार,
त्यांना रिकाम्या हाती कसं घरी पाठवायचं?

जिला मी व्हायचंय ती इमोजेन
चहाच्या वेळी शेजारी बसली.
बाकी काही नाही, एवढंच विचारलं,
तुमचे हात कुठे होते?
सत्तावन्न वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
चौकशी समितीने नाही, पाद्रीबाबांनी नाही,
ज्याच्याशी चाळीस वर्षं संसार केला त्या केननेही नाही.
डावा पट्ट्याने बांधलेला, मी म्हटलं.
उजवा एका नर्सने धरलेला,
तिच्या बोटांना सोललेल्या बटाट्यांचा वास होता.
आणि सही?
ती पाचव्या दिवशी. तेव्हा दोन्ही मोकळे होते,
मोकळे होते हेच तर मला आयुष्यभर ऐकवलं गेलं.

अ‍ॅक्शन.
दोघीजणी चादर ताणून धरतात.
चादरीच्या अलीकडे इमोजेन आणि तिचं ओरडणं.
पलीकडे मी कधीच नव्हते.
मला ऐकू आलं ते एक बारीक रडणं
आणि रबरी बुटांची चर्रचर्र, दारापर्यंत.
मुलगा की मुलगी, मी विचारलं.
तुला काय करायचंय, त्या म्हणाल्या.
म्हणून ते माझ्यात 'ते'च राहून वाढलं.
ते रांगत असेल. त्याला दात आले असतील.
ते आता दाढी करत असेल किंवा वेणी घालत असेल.
ते पन्नाशीचं झालं,
आणि मी अजून नपुंसकलिंगातच त्याचे वाढदिवस करते,
केक न आणता, एकोणीस ऑगस्टला.

कॅमेरा मात्र पलीकडे आहे.
मॉनिटर माझ्या पुढ्यात.
पडदा हातभरच रुंद, त्यात
ओलं, चिडलेलं, मुठी वळलेलं एक खरंखुरं बाळ.

भाड्याचं. जुळ्यांपैकी एक.
एका वेळी वीसच मिनिटं दिव्यांखाली ठेवायचं, असा नियम.
कट झालं की नर्स झालेली बाई
तीच चर्रचर्र करत दाराबाहेर जाते,
आणि दाराबाहेर त्याची आई उभी,
बगलेत बाटली, तोंडात अर्धं सँडविच,
घड्याळ बघत, वैतागलेली.
घेते. खांद्यावर टाकते. ढेकर काढते.
दार आणि ती यांच्यात सहा पावलं.
मी मोजली.

तिला विचारलं, मुलगा की मुलगी?
ती हसली, एक-एक आहे,
दुपट्यात दोन्ही सारखीच दिसतात.
आठव्या टेकला तो होता. नवव्याला ही.

संध्याकाळी, दिवे उतरवताना,
दिग्दर्शिका माझ्या खुर्चीपाशी उकिडवी बसली.
आठवा ठेवू की नववा?
तुम्ही सांगाल तो.

बाहेर निलगिरीवर मॅगपाय ओरडत होते.
मी चष्मा पुसला.
म्हटलं, दोन्ही परत एकदा लाव.